दुबई, खाडीच्या बाजूने

सप्टेंबरात दुबईला जाऊ नकोस, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. पण ताईकडे, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडे, तिथल्या करामा भागात गणपती बसतो आणि दरवर्षी तिचं आग्रहाचं बोलावणं असतं. त्या दिवसांत तिकिटंही स्वस्त असतात. गेले. आता वाटतं, ते शहर बघायचं तर उन्हातच बघावं. डिसेंबर-जानेवारीत तिथली हवा सुखाची असते, लोक रात्री उशिरापर्यंत उघड्यावर जेवत बसतात आणि आपण वाळवंटात आहोत याचा विसर पडतो. सप्टेंबर तो विसर पडू देत नाही. रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकल्याबरोबर चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. हे समुद्राकाठचं वाळवंट आहे. इथला उन्हाळा नुसता भाजत नाही, घामाने भिजवतोही. कोकणातल्या मे महिन्यात आणखी दहा अंश घालावेत तसा.

ताई वीस वर्षांहून अधिक काळ तिथे आहे. तिने पहिल्याच सकाळी बजावलं, "दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही. मेट्रो, मॉल, घर. बस." तिचा सल्ला शहाणपणाचा होता आणि मी तो बराचसा पाळला. मॉल पाहिले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं मला फार सापडलं नाही. मोठे आहेत, थंड आहेत, स्वच्छ आहेत. मेट्रो मात्र फार आवडली. ९ सप्टेंबर २००९ला सुरू झालेली, चालक नसलेली गाडी. सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं राहिलं की सगळं शहर अंगावर येतं. बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. त्यात उभ्या असलेल्या फिलिपिनो नर्स, मल्याळी शिक्षिका, इथिओपियन मोलकरणी, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कामावर निघालेल्या बाईचा तोच भाव होता, जो मी ठाणे स्टेशनवर रोज पाहते.

दुपारी बाहेर पडले ती दुबई फ्रेम पाहायला. झबील पार्कात दीडशे मीटर उंचीची एक प्रचंड चौकट उभी केली आहे. जानेवारी २०१८पासून ती लोकांना खुली आहे. दोन उभे मनोरे, वर त्यांना जोडणारा पूल आणि पुलाच्या मधोमध पायाखाली काच. एका बाजूला तोंड करून उभं राहिलं की देरा, बर दुबई, करामा दिसतात. बुटक्या, मातकट रंगाच्या इमारतींची दाटी, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या. पाठ फिरवली की शेख झायेद रस्ता, त्याच्या कडेने काचेचे मनोरे आणि सगळ्यांच्या डोक्यावर बुर्ज खलिफा. बहुतेकांना फोटो या दुसऱ्या बाजूचा हवा असतो, त्यामुळे जुन्या शहराच्या बाजूची काच जवळजवळ मोकळी होती. मी तिथे बराच वेळ थांबले. ताईची इमारत शोधत होते, आणि शोधता शोधता त्या सपाट, दाट वस्तीत मधूनच शिरलेली खाडी दिसली. शहर तिच्या दोन्ही तीरांवर वसलेलं. हे सगळं जिथून सुरू झालं ती जागा ती.

खाली उतरले तेव्हा एक वाजत आला होता. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते तीन माणसांकडून उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. पार्काच्या कुंपणाबाहेर पदपथाचं काम अर्धवट थांबलेलं होतं. पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या, ताणून बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाशी उलटं ठेवलेलं घमेलं. रस्त्याच्या कडेला कडुनिंब लावलेले आहेत. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ठिबकची काळी नळी, तिच्यातून पाणी येतं तेवढ्यापुरतं ओलं वर्तुळ, आणि त्यापलीकडे वाळू. त्या झाडांच्या सावलीत माणसं ओळीने आडवी झाली होती. खाली पुठ्ठा, डोक्याखाली बूट, तोंडावर भिजवलेला गमछा. ऊन सरकेल तशी झोपेतच थोडी सरकत होती. एक जण मात्र पेव्हर ब्लॉकवर बसून भातावर लबन ओतून कालवत होता. लबन म्हणजे बाटलीतलं ताकच.

मी त्याला मेट्रोचा रस्ता विचारला, हिंदीत. त्याने सांगितला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "मराठी हाव का अक्का?"

तो तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातला, बोधनकडचा. "आमच्याकडं मराठी कळतंय की. बिलोलीला मामाचं घर हाय." हातातला घास ठेवून तो उठायला लागला, मी नको म्हटलं. पाच मिनिटं बोललो असू. पगार बाराशे दिरहम, म्हणजे सत्तावीस हजार रुपयांच्या आसपास. राहायला कंपनीचा कॅम्प, एका खोलीत आठ जण. दोन वर्षांनी सुट्टी आणि जाण्यायेण्याचं तिकीट. मुलगी सहावीत. मी विचारलं, किती वर्षं राहणार? त्याचा हिशेब तयार होता. एजंटला दीड लाख दिले होते, ते गावातल्या सावकाराकडून काढलेले. पहिलं वर्ष आणि दुसऱ्यातले काही महिने त्या कर्जातच गेले. "आता जे मिळंल ते घरचं," तो म्हणाला. म्हणजे कमावायला खरी सुरुवात झाली तेव्हा त्याचा पहिला करार संपत आला होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मराठवाड्यातल्या, कोकणातल्या मुलांच्याही कामाची आहे. आखाती देशात नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटला आपल्या कायद्यानुसार उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. आणि अमिरातीचा कायदा म्हणतो की भरतीचा खर्च कामगाराने करायचाच नाही, तो मालकाचा. दोन्ही देशांत कायदा आहे आणि मधला माणूस दीड लाख घेतो. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर अजूनही आखातासारख्या ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागेल असा शिक्का असतो. ती मंजुरी त्याच्या भल्यासाठीच आहे. पण ती मिळवून देतो तोच माणूस त्याला नाडतो, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. याचा मला राग येतो. अमिरातीने दुपारची सुट्टी दिली, पगार बँकेतूनच द्यायची पद्धत २००९पासून सुरू केली. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण कर्जाची गाठ बसते ती आपल्याकडे, विमानात चढायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाडीवर गेले. काठावरच्या जुन्या घरांमधून संग्रहालयं केली आहेत, त्यात मोती काढणाऱ्यांचं सामान मांडलेलं आहे. पायाला बांधायचा दगड. गळ्यात अडकवायची जाळीची टोपली. नाकाला लावायचा, कपड्यांच्या चिमट्याएवढा हाडाचा चाप. ऑक्सिजनचं नळकांडं नाही, चष्मा नाही. दगडाच्या वजनाने माणूस तळाशी जायचा, एका श्वासात जमतील तेवढे शिंपले टोपलीत भरायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. वर नावेत दुसरा माणूस दोरी धरून उभा असे, तो त्याला ओढून घ्यायचा. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत हेच. मोठा हंगाम साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालायचा, कारण पाण्यात एवढा वेळ काढायचा तर ते उन्हाळ्याचंच हवं.

हंगामाला निघण्याआधी पाणबुड्या नाखव्याकडून उचल घ्यायचा, घरी बायकामुलांच्या पोटाला. हंगाम संपला की त्याच्या वाट्यातून ती वळती व्हायची. हंगाम वाईट गेला तर कर्ज पुढच्या वर्षावर, आणि तो मेला तर मुलावर. नाखवाही मोकळा नसे, त्याच्या डोक्यावर व्यापाऱ्याचं कर्ज असे, आणि त्या साखळीचं टोक बहुतेक वेळा मुंबईत होतं. आखातातला मोती मुंबईत यायचा. इथे त्याची प्रतवारी व्हायची, त्याला भोक पाडलं जायचं, आणि मग तो लंडन-पॅरिसला जायचा.

काचेच्या पेटीसमोर मी उभी होते आणि बोधनच्या त्या माणसाचे आकडे मनात फिरत होते. उन्हाळ्याचे महिने तेच. आधी उचल, मग काम, मग फेड हा क्रमही तोच. दुबईला इतिहास नाही, पन्नास वर्षांत पैशाने उभं केलेलं शहर, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तिला इतिहास आहे आणि तो अखंड आहे: ऊन अंगावर घेणाऱ्या, कर्जावर निघालेल्या माणसांचा. शंभर वर्षांपूर्वी ही माणसं बरीचशी या किनाऱ्यावरचीच होती, आता ती लांबून येतात, एवढाच फरक.

मोत्याचा धंदा बुडाला तो जगातली मंदी आणि जपानमध्ये पिकवलेले मोती एकाच सुमाराला आल्यामुळे. १९३०च्या दशकात या गावाने उपासमार पाहिली. शेती नाही, गोडं पाणी बेताचं, आणि तेल अजून कुणाला माहीत नव्हतं. ते सापडलं १९६६ साली आणि निर्यात सुरू झाली १९६९मध्ये. त्याच्या आधीच, शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांनी हातात पैसा नसताना कुवेतकडून कर्ज काढून गाळाने भरत चाललेली खाडी उपसून घेतली. मोठी गलबतं आत येऊ लागली. मला वाटतं दुबईची खरी गोष्ट या एका निर्णयात आहे. आधी बंदर, मग तेल. आज या शहराच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी थोडा आहे, बंदराचा आणि त्याभोवतीच्या व्यापाराचा मोठा. जबल अलीचं बंदर १९७९ साली उभं राहिलं, तेव्हा ते उगीच मोठं बांधलं असं म्हणणारेही होते.

खाडी ओलांडायला अब्रा असते. लाकडी, सपाट, छपराची होडी. मधोमध लांब बाक, त्यावर दोन्ही बाजूंना तोंड करून पाठीला पाठ लावून बसायचं, पाय जवळजवळ पाण्यावर. बाकाच्या मध्यावर एक खड्डा, त्यात होडीवाला, त्याच्या पायाशी डिझेलचं इंजिन. वीसेक माणसं भरली की सुटते. निघाल्यावर प्रत्येक जण एक दिरहमचं नाणं शेजाऱ्याच्या हातात देतो, ते हातोहात होडीवाल्यापर्यंत पोचतं. कुणी मोजत नाही, कुणी तिकीट फाडत नाही. माझ्या एका बाजूला लुंगीतला बंगाली माणूस मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन, दुसऱ्या बाजूला उंची घड्याळ घातलेला युरोपियन. भाडं दोघांनाही तेच. अर्ध्या खाडीत वारा लागतो. दिवसभरातला तो पहिला वारा, जो कुठल्या यंत्रातून आलेला नसतो.

पलीकडे देराच्या धक्क्यावर गलबतं एकमेकांना चिकटून उभी असतात, तीन-तीन, चार-चार. माल धक्क्यावरच उघड्यावर रचलेला: फ्रिज, टायर, चहाची खोकी, खुर्च्या. इराणला जाणारा, सोमालियाला जाणारा. खलाशी इराणी, काही आपल्या कच्छ-सौराष्ट्रातले. अशी गलबतं केरळात बेपूरला आणि कच्छच्या मांडवीला पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. इथल्या जुन्या घरांना लागलेलं सागाचं लाकूडही हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेलं. काठावरच्या अल फहिदी भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणमधून आलेल्या व्यापाऱ्यांचे वाडे आहेत, प्रवाळाच्या दगडाचे, जाड भिंतींचे. बऱ्याच वाड्यांवर एक चौकोनी मनोरा, चारही बाजूंनी उघडा. वारा कुठूनही आला तरी तो खालच्या खोलीत उतरवायचा. मी अशा एका मनोऱ्याखाली उभी राहिले. डोक्यावरून झुळूक आली, अगदी हलकी, पण आली. गरिबांच्या झोपड्या मात्र खजुराच्या झावळ्यांच्या असत. त्यातली एकही मूळची उरलेली नाही, आहेत त्या दाखवण्यासाठी नव्याने बांधलेल्या.

या खाडीवर आपल्या मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. १९०९ साली दुबईत पहिलं टपाल कार्यालय उघडलं ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. हिंदुस्थानचीच तिकिटं लावून पत्रं जायची, १९४७पर्यंत. आणि चलन रुपया होता. आखाताचा सगळा बाजार रुपयावर चाले. सोन्यामुळे त्यात फट पडली. दुबईत सोनं उघड, कायदेशीर विकत मिळे. तेच आपल्या किनाऱ्यावर उतरलं की चोरटं. रुपये तिकडे जात, सोनं इकडे येई, आणि तिकडे साठलेले रुपये परकीय चलनात बदलून देण्याची वेळ आपल्या रिझर्व्ह बँकेवर येई. म्हणून १९५९ साली आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. पुढे १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्या राज्यांनी रुपयाच सोडला. दिरहम आला १९७३मध्ये, अमिराती एकत्र येऊन देश झाल्यानंतर. ताईच्या शेजारी बाणकोटचं एक मुस्लिम कुटुंब राहतं. त्यांच्या घरातले आजोबा मुंबईहून आखातात जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते, आणि पगार जिथे मिळे तिथेच खर्च करता येई असं ते सांगत. बदलून घ्यायला लागत नसे. त्या घरातल्या चाची बोलतात अस्सल कोकणी ढंगात. "आमचे घरचे चार पिढ्या पान्यावरच गेले," त्या म्हणाल्या.

बुर्ज खलिफाबद्दल न लिहिणं अन्याय होईल. ४ जानेवारी २०१०ला ती उघडली. ८२८ मीटर. मी १२४व्या मजल्यावर गेले, सूर्यास्ताच्या वेळी, आणि मन भरून आलं. माणसाने एवढं उंच काही उभं करावं आणि ते हललेलं जाणवूही नये, याचं कौतुक वाटायलाच हवं. पण मला तिथे वरून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा दोन गोष्टी जास्त भिडल्या. एक म्हणजे तिचं काँक्रीट. उन्हाळ्यात दिवसा ते ओतलं असतं तर नीट बसायच्या आत तापून तडकलं असतं. म्हणून ते रात्री ओतत, पाण्यात बर्फ घालून, आणि तिथून सहाशे मीटरच्या उंचीपर्यंत पंपाने चढवत. म्हणजे ही इमारत बरीचशी रात्री वर गेली. दुसरी गोष्ट तिच्या पाण्याची. त्या दमट हवेत एवढी मोठी इमारत थंड ठेवायची तर वातानुकूलन यंत्रांवर भरमसाट पाणी साठतं. ते वाया न घालवता तळघरात जमा करतात आणि खालच्या बागेला देतात. वर्षाला दीड कोटी गॅलन. हे कळल्यावर मी खाली उतरून मुद्दाम ती बाग बघितली. हिरवळीवर मुलं लोळत होती.

रमजानमध्ये या इमारतीत ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशिरा रोजा सोडावा आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटं, असं तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेलं आहे. वर सूर्य जास्त वेळ दिसतो म्हणून. हे मला बाणकोटच्या चाचींनीच सांगितलं, मोठ्या कौतुकाने.

वाळूबद्दल एक. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून घासून इतकी गोल होते की तिचं ना काँक्रीट धड होतं ना भराव. पामच्या आकाराचं ते प्रसिद्ध बेट समुद्रतळातून उपसलेल्या वाळूचं आहे. डोळ्यांपुढे क्षितिजापर्यंत वाळू आणि बांधायला ती चालत नाही. पिण्याचं पाणीही तसंच. समोर समुद्र, आणि त्याचं मीठ काढल्याशिवाय घोटभर पाणी नाही. जवळजवळ सगळं शहर या खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यांवर जगतं. आणि आभाळातून आलं तर झेपत नाही. १६ एप्रिल २०२४ला पाऊस पडला, नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या ७५ वर्षांतला सगळ्यात मोठा. विमानतळावर दिवसाभरात एकशे चाळीस मिलिमीटरच्या वर. मुंबईत असा दिवस पावसाळ्यात येतोच कधीतरी, पण तिथे वर्षभराचा पाऊसच शंभर मिलिमीटरच्या आत. ताईच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या टपापर्यंत पाणी होतं. शेजारच्या मल्याळी मुलांनी दोन दिवस सगळ्या मजल्यांवर पाण्याच्या बाटल्या आणि ब्रेड पोचवला, हे ती अजून भरल्या आवाजात सांगते.

रोज संध्याकाळी खाडीकाठी फिरायला जाताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. शेवटी लक्षात आलं, बाकांवर म्हातारी माणसं नव्हती. आपल्या कुठल्याही बागेत, चौपाटीवर, देवळाच्या पारावर जी असतात ती. इथे तरणी माणसं, मध्यमवयीन माणसं, थोडी मुलं. ३६ लाखांहून जास्त वस्ती आणि तिच्यात मूळचे अमिराती दहा टक्क्यांनाही कमी. दहातले जवळपास सात पुरुष. याचं कारण सोपं आहे. इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की ठराविक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर जायचं. बायकामुलांना आणायचं तर किमान चार हजार दिरहम पगार हवा, किंवा तीन हजार आणि राहायला जागा. आईवडिलांना आणायचं तर त्याच्या कितीतरी पट. बोधनच्या माणसाला बाराशे मिळतात. त्याची मुलगी हे शहर कधी बघणार नाही. अलीकडे पैसेवाल्यांना, मोठ्या शिक्षणवाल्यांना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, निवृत्तांसाठीही सोय झाली आहे, पण तिच्या अटी सामान्य नोकरदाराच्या आवाक्यातल्या नाहीत.

हे नियम करायचा अधिकार त्या देशाचा आहे. आपल्याच भूमीत एवढे थोडे असलेल्या लोकांची भीती मी समजू शकते. तरीही ज्याने आयुष्याची कमावती वर्षं एका गावाला दिली त्याला त्या गावात म्हातारं होता यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ते मिळत नाही म्हणूनच आपल्या दापोली-खेडमध्ये, राजापूर-रत्नागिरीत ती मोठी, रंगीत, वर्षातले अकरा महिने बंद असलेली घरं उभी राहिली.

गणपती ताईच्या दिवाणखान्यात होता, पेणहून आलेली वीतभर शाडूची मूर्ती. आरतीला वीस माणसं, झांजा बेताने, खिडक्या बंद. चाचींनी खीर आणली होती. नाशिकचे, कोल्हापूरचे, डोंबिवलीचे, सगळे एकमेकांना पंधरा-पंधरा वर्षं ओळखणारे. विसर्जन घरातच, मोठ्या पिंपात. विरघळलेली माती ताई बाल्कनीतल्या तुळशीला घालते.

प्रसाद घेताना एका काकूंनी खालच्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलाला विचारलं, "काय रे, गाव कुठलं तुमचं?"

"करामा," तो म्हणाला.

त्याची आई पटकन म्हणाली, "राजापूर. राजापूरजवळ आमचं घर आहे." मुलगा गप्प राहिला. तो इथेच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, अरबी लिहितो-वाचतो, खाडीवरची प्रत्येक गल्ली त्याला पाठ आहे. पण इथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. मुलग्याला बापाच्या परवान्यावर राहता येतं ते ठराविक वयापर्यंत, मग स्वतःचा परवाना हवा. पुढच्या वर्षी तो इंजिनिअरिंगला पुण्याला जायचाय. भाऊजी त्याला बाजूला घेऊन बसले. हॉस्टेल मिळालं नाही तर आपल्या ओळखीचे लोक कोथरूडला आहेत, पावसाळ्यात बूट दोन जोड ठेव, रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांग, असं बरंच काही सांगत होते. मुलगा सगळं मोबाइलवर लिहून घेत होता. मग त्याने विचारलं, "काका, पुण्यात क्रिकेटला ग्राउंड जवळ मिळेल ना? इथे आम्ही शुक्रवारी पार्किंगमध्येच खेळतो."

"मिळेल की," भाऊजी म्हणाले, आणि तेवढ्यात ताईने पानं वाढली म्हणून हाक मारली.